दोष लपू न देणारे कपाट

दुधाच्या पिशवीवर 'पाश्चराइज्ड' असा शब्द छापलेला असतो. त्याचा अर्थ आपण वर्गात सांगतो. दूध ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, त्या तापमानाला निदान १५ सेकंद ठेवायचे आणि लगेच थंड करायचे, म्हणजे त्यातले रोगजंतू मरतात. लुई पाश्चरचे नाव सांगून धडा संपतो. पण एखाद्या चौकस मुलाने विचारले, "दूध खरोखर ७२ अंशांपर्यंत तापले होते हे डेअरीला कसे कळते? आणि तापले नसेल तर?" तर याचे उत्तर पाठ्यपुस्तकात मिळत नाही. ते डेअरीच्या भिंतीलगत उभ्या असलेल्या एका करड्या पत्र्याच्या कपाटात दडलेले असते. कारखान्यातली माणसे त्याला 'पॅनेल' म्हणतात.

असे पॅनेल साखर कारखान्यात असते, औषधांच्या कारखान्यात असते, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातही असते. प्रत्येकाचे काम वेगळे, पण आतली रचना आश्चर्य वाटावे इतकी सारखी. या लेखात आपण डेअरीचे उदाहरण धरून ती रचना पाहू. पॅनेल कारखाना चालवते, हे तर खरेच. पण त्याची रचना अशी का, असे विचारले तर उत्तर वेगळे येते. कोणता तरी भाग कधी तरी बिघडणारच, हे गृहीत धरून ते बांधलेले असते. तो बिघाड गुपचूप राहू नये, यासाठी त्यातली निम्मी हुशारी खर्ची पडलेली असते.

आधी दुधाचा प्रवास पाहू. मोठ्या डेअरीत दूध पातेल्यात तापवत नाहीत. ते पातळ पोलादी पत्र्यांच्या फटींतून सतत वाहत असते आणि पत्र्याच्या पलीकडून गरम पाणी वाहत असते. तापलेले दूध पुढे एका लांब नळीत शिरते. ही नळी इतकी लांब ठेवलेली असते की ती ओलांडायला दुधाला १५ सेकंद लागावेत. ताशी ५,००० लिटर दूध वाहत असेल तर नळीत किती दूध मावले पाहिजे? ५,००० ला ३,६०० ने भागून १५ ने गुणा, सुमारे २१ लिटर. (प्रत्यक्षात नळी याहून मोठी घेतात. नळीच्या मध्यातून जाणारे दूध कडेच्या दुधापेक्षा वेगाने पळते, आणि अट पाळायची ती सर्वांत चपळ थेंबाच्या बाबतीत.) नळीच्या तोंडाशी तापमान मोजणारा संवेदक असतो आणि त्यापाठोपाठ दूध वळवणारी झडप. तापमान पुरेसे असेल तर झडप दूध पुढे थंड व्हायला सोडते. कमी पडले तर तेच दूध मागे, सुरुवातीच्या टाकीत पाठवते.

संवेदक आणि झडप यांच्यामध्ये निर्णय घेणारे कोणी तरी हवे. ते म्हणजे पॅनेल.

पॅनेलचे दार उघडले की आत लोखंडी पाठफळी दिसते. तिच्यावर ३५ मिलिमीटर रुंदीच्या धातूच्या पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. या पट्टीचे माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहे. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा फ्यूजधारक, रिले, वीजपुरवठा किंवा तार जोडायचे टर्मिनल तिच्यावर खट्कन बसते आणि स्क्रूड्रायव्हरने खाच दाबली की निघते. आपल्या घरच्या बटणांच्या पेटीतले एमसीबीही याच पट्टीवर बसलेले असतात, पाहून घ्या. पट्ट्यांवर पुस्तकांसारखी उभी, चिकटून बसलेली चपटी खोकी असतात, ती मॉड्यूल. एखादे मॉड्यूल तापमानासारख्या कमी-जास्त होणाऱ्या राशी वाचते, दुसरे फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढेच वाचते, तिसरे झडपांना आणि मोटरांना आज्ञा देते. एकात संगणक असतो, त्याला पीएलसी म्हणतात. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक छापलेली बारीक नळी घातलेली असते. वायरमन मंडळी तिला फेरूल म्हणतात. चांगल्या पॅनेलमध्ये क्रमांक नसलेली एकही तार सापडत नाही, आणि वाईट पॅनेल ओळखायलाही दुसरी खूण लागत नाही.

हे सगळे सुटे का? एकच मोठे यंत्र बनवणे स्वस्त पडले नसते का? याचे उत्तर इतिहासात आहे. १९६०च्या दशकात असली कपाटे रिलेंनी भरलेली असत. रिले म्हणजे विजेच्या घंटेची बहीणच. गुंडाळीत प्रवाह गेला की विद्युतचुंबक पट्टी ओढतो आणि पट्टी दुसरे मंडल जोडते किंवा तोडते. असे शेकडो रिले तारांनी एकमेकांना जोडून 'हे झाले आणि ते झाले नाही, तर ते कर' असे निर्णय घेतले जात. म्हणजे कारखान्याची अक्कल तारांच्या जोडणीत असे. अक्कल बदलायची तर तारा उपसायच्या. अमेरिकेत मोटारींचे नवे मॉडेल आले की जनरल मोटर्सच्या कारखान्यात हाच उद्योग चाले. १९६८ मध्ये या कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंना पर्याय मागितला. रिचर्ड मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधील सहकाऱ्यांनी तो बनवला आणि १९६९ मध्ये 'मॉडिकॉन ०८४' हे यंत्र कामाला लागले. मॉडिकॉन हे नाव 'मॉड्युलर डिजिटल कंट्रोलर' या शब्दांपासून आले आहे. सुटेपणा त्याच्या नावातच होता. त्याची आज्ञावली लिहिण्याची पद्धतही जुन्या रिलेंच्या आकृतीसारखी, शिडीच्या चित्रासारखी ठेवली. मला यातला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. रात्रपाळीच्या वायरमनला नवी भाषा न शिकता, ओळखीच्या चित्रावरून यंत्र कुठे अडले आहे ते कळू लागले.

आता ७२ अंशांची बातमी कपाटापर्यंत कशी पोचते ते पाहू. इथे दहावीच्या विज्ञानाचा फार सुंदर उपयोग आहे.

संवेदक म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा रोध १०० ओहम असतो आणि तापमान वाढले की तो वाढतो. ७२ अंशांना तो सुमारे १२७.८ ओहम होतो, म्हणजे दर अंशाला जेमतेम ०.३८ ओहम वाढ. कपाट ५० मीटर दूर असेल आणि दोन साध्या तारा ओढल्या, तर त्या तारांचाच रोध ह्यात मिसळतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन १०० मीटरचा रोध सुमारे ३.४ ओहम भरतो. म्हणजे चूक जवळजवळ ९ अंशांची. आणि चूक कोणत्या दिशेने? रोध जास्त भासतो, म्हणजे दूध आहे त्यापेक्षा गरम भासते. ६३ अंशांचे दूध ७२ अंशांचे म्हणून पुढे जाईल!

म्हणून संवेदकाला तिसरी तार जोडून तारांचा रोध वजा करतात, किंवा संवेदकाच्या डोक्यावरच ट्रान्समीटर नावाचे छोटे मंडल बसवतात. ट्रान्समीटर रोध मोजतो आणि त्या प्रमाणात तारेतला प्रवाह ठरवतो. शून्य अंशाला ४ मिलिअँपिअर, १०० अंशांना २० मिलिअँपिअर. मग ७२ अंशांना किती? मधले अंतर १६ आहे, त्याचे ७२ टक्के म्हणजे ११.५२, अधिक ४, म्हणजे १५.५२ मिलिअँपिअर. एकसर जोडणीत प्रवाह सगळीकडे सारखा असतो, हे आपण फळ्यावर दिव्यांची आकृती काढून शिकवतो. तेच इथे उपयोगी पडते. तार लांब असो की आखूड, तिचे टोक थोडे गंजलेले असो, ट्रान्समीटर ठरलेला प्रवाह टिकवून धरतो. वाटेत विभवांतराची जी घट होते ती कपाटातला २४ व्होल्टचा पुरवठा भरून काढतो. शेवटी कपाटात हा प्रवाह २५० ओहमच्या रोधातून जातो. ओहमच्या नियमाने तिथे ३.८८ व्होल्ट मिळतात आणि मॉड्यूल त्यांचे आकड्यात रूपांतर करते.

पण शून्य अंशाला ४ मिलिअँपिअर का? शून्य का नाही? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर घालावा आणि उत्तर सांगायची घाई करू नये.

समजा शून्य अंशाला शून्य प्रवाह ठेवला. आता कपाटात शून्य प्रवाह आला, तर त्याचा अर्थ काय? दूध बर्फासारखे थंड आहे, की तार तुटली आहे, की उंदराने ती कुरतडली आहे, की ट्रान्समीटर जळाला आहे? यांपैकी काहीही असेल. 'काही नाही' ही बातमी आणि 'बातमीच नाही' ही स्थिती दोन्ही सारख्याच दिसतात. आणि नियंत्रक बिचारा दूध थंड समजून वाफेची झडप पूर्ण उघडत बसेल. शून्याला ४ मिलिअँपिअर दिले की हा घोटाळा मिटतो. ४ म्हणजे शून्य अंश, आणि शून्य म्हणजे मोजमापच मेले. कारखानदारीत याला 'जिवंत शून्य' म्हणतात. आजच्या प्रचलित संकेतानुसार प्रवाह ३.६ मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी झाला, अथवा २१ किंवा त्याहून जास्त झाला, तर तो तापमान म्हणून वाचायचाच नाही, बिघाड म्हणून वाचायचा. शिवाय हे तळचे ४ मिलिअँपिअर वाया जात नाहीत. ट्रान्समीटर त्यांच्यावरच जगतो, त्याला वेगळी वीज लागत नाही. दोन तारांवरून त्याचे अन्नही जाते आणि त्याचा निरोपही येतो.

ही कल्पना विजेच्याही आधीची आहे. पूर्वी कारखान्यांत हवेच्या दाबाने निरोप धाडत, तेव्हा मोजमापाची मर्यादा ३ ते १५ पौंड प्रति चौरस इंच अशी होती. तिथेही तळ शून्यावर नव्हता. गुणोत्तरही तेच, एकास पाच.

संवेदकाची प्लॅटिनमची तारच तुटली तर? रोध अनंत होतो. साधे मंडल याचा अर्थ 'तापमान प्रचंड वाढले' असा लावेल आणि कच्चे दूध बेधडक पुढे सोडेल. म्हणून ट्रान्समीटरला आधीच सांगून ठेवावे लागते, की तार तुटल्याचे दिसले तर प्रवाह ३.६ च्या खाली न्यायचा. वर न्यायचा की खाली, हा निर्णय यंत्र घेऊ शकत नाही. कोणत्या बाजूला धोका आहे, हे माणसालाच ठरवावे लागते. दुधाच्या बाबतीत धोका खाली आहे. बॉयलरच्या बाबतीत तो वर असेल.

आता कपाटातून बाहेर जाणारी आज्ञा पाहू. दूध वळवणारी झडप दाबाखालच्या हवेने सरकते आणि ती हवा एका विद्युतचुंबकी झडपेतून येते. साहजिक वाटणारी मांडणी अशी : दूध थंड असले की कपाटाने वीज सोडावी आणि झडपेने दूध मागे वळवावे. डेअरीत मात्र बरोबर उलटे करतात. वीज आणि हवा दोन्ही हजर असतील आणि तापमान पुरेसे असेल, तरच झडप दूध पुढे सोडते. वीज गेली, हवेची नळी फुटली, तार तुटली, फ्यूज उडाला, मॉड्यूल बंद पडले, यातले काहीही झाले तरी झडपेतली स्प्रिंग तिला आपोआप मागे वळवण्याच्या स्थितीत ढकलते. सुरक्षित स्थिती ही कोणी आज्ञा द्यावी लागेल अशी नसते. आज्ञा थांबली की आपोआप येते.

हे वर्गात करून दाखवता येते. चार सेल, एक ६ व्होल्टचा रिले, एक बझर, सुटा एक सेल-संच, पाण्याची बादली, तरंगता थर्माकोल आणि पत्र्याच्या दोन पट्ट्या एवढे साहित्य पुरे. आधी पहिली मांडणी करा. पाणी वाढले की थर्माकोल दोन पट्ट्या एकमेकींना टेकवतो, मंडल पूर्ण होते, बझर वाजतो. मग दुसरी मांडणी. पट्ट्या एरवी टेकलेल्या असतात, त्यांच्यातून जाणारा प्रवाह रिलेला ओढून धरतो, आणि पाणी वाढले की थर्माकोल त्या विलग करतो. रिले सुटला की त्याचा एरवी-बंद संपर्क जुळतो आणि दुसऱ्या सेल-संचावरचा बझर वाजतो. दोन्ही मांडण्या छान चालतात आणि मुले विचारतात की दुसरी खटपट कशाला? मग कात्रीने दोन्हींच्या पट्ट्यांकडे जाणारी एकेक तार कापा. पहिली गप्प राहते, आणि बादली भरून वाहिली तरी गप्पच राहते. दुसरी तत्काळ ओरडते. त्यानंतर मुलांना सांगावे की दुसऱ्या मांडणीतही एक भोक उरले आहे, ते शोधा. (बझरचाच सेल संपला तर?) ते कसे बुजवता येईल यावर नववीची मुले तासभर भांडू शकतात.

दुसरी एक गोष्ट डेअरीच्या झडपेत असते, ती म्हणजे तिच्या दांड्याजवळ बसवलेला छोटा स्विच. झडप खरोखर सरकली की नाही हे तो कपाटाला कळवतो. आज्ञा दिली आणि आज्ञा पाळली गेली, या दोन निराळ्या बातम्या आहेत. त्या एक मानल्याने काय होते याचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षात तिच्यासाठी दिवा होता, पण तो झडपेची स्थिती दाखवत नव्हता. झडप बंद करण्याची आज्ञा गेली आहे, एवढेच दाखवत होता. दिवा विझलेला पाहून कर्मचारी झडप बंद आहे असे समजले. अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी त्या वाटेने निघून जात राहिले आणि तिच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. एक स्विच आणि दोन तारा यांची ही किंमत.

सुटेपणाचा मुख्य फायदा आता ध्यानात येईल. कपाटातल्या प्रत्येक बाहेरच्या तारेला स्वतःचा फ्यूज किंवा प्रवाह मर्यादित करणारे मंडल असते. एक तार जमिनीला टेकली तर तेवढाच मार्ग बंद पडतो, शेजारच्या पंधरा मार्गांना पत्ताही लागत नाही. बाहेरून विजेच्या कडकडाटासरशी आलेला धक्का संगणकापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये प्रकाशाचा पूल घालतात. एका बाजूला बारीक एलईडी, समोर प्रकाशाने जागा होणारा ट्रान्झिस्टर, मध्ये विद्युतरोधक. निरोप उजेडाने पलीकडे जातो, धक्का अलीकडेच राहतो. २४ व्होल्टचे पुरवठे दोन असतात आणि दोन्ही डायोडमधून एकत्र येतात. एक मेला तरी दुसरा त्याच्याकडे उलटा प्रवाह न सोडता काम चालू ठेवतो. पण असे झाल्याचे कोणाला कळलेच नाही तर? दुसराही मरेल त्या दिवशी सगळेच थांबेल. म्हणून प्रत्येक पुरवठ्यावर 'मी जिवंत आहे' सांगणारा संपर्क असतो, तोही अर्थातच सुटला की ओरडणारा. बिघडलेले मॉड्यूल बऱ्याच पद्धतींमध्ये कारखाना न थांबवता उपसून त्या जागी नवे बसवता येते, आणि चुकीच्या जातीचे मॉड्यूल त्या खाचेत बसूच नये म्हणून प्लास्टिकचे छोटे खुंट असतात.

मोठ्या रासायनिक कारखान्यात बाहेरून हजारो तारा येतात. त्या येतात आपापल्या जागेच्या क्रमाने, म्हणजे या टाकीच्या सगळ्या, मग त्या भट्टीच्या सगळ्या. मॉड्यूलना मात्र त्या जातीच्या क्रमाने हव्या असतात. ही अदलाबदल करण्यासाठी टर्मिनलांनी भरलेले वेगळे कपाटच ठेवत आले आहेत, आणि तिथली गुंतागुंत पाहून नवशिक्या अभियंत्याचे डोळे फिरतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत यावर तोड निघाली. प्रत्येक तारेसाठी बोटाएवढे स्वतंत्र मॉड्यूल, आणि त्या तारेची जात कोणती हे नंतर सॉफ्टवेअरने सांगायचे. तारांची गर्दी त्यामुळे पुष्कळ कमी होते.

आता या रचनेच्या शत्रूकडे वळू. तो म्हणजे उष्णता. आतले वीजपुरवठे आणि मॉड्यूल मिळून समजा ३०० वॅट उष्णता बाहेर टाकतात. धूळ आणि पाणी येऊ नये म्हणून दार रबरी पट्टीने घट्ट बंद. उष्णता फक्त पत्र्यातून बाहेर पडणार. २ मीटर उंच, ८० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल कपाटाच्या चारही बाजू आणि माथा मिळून सुमारे ६ चौरस मीटर क्षेत्र होते. रंगवलेल्या पोलादी पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला, सुमारे ५.५ वॅट उष्णता जाते. म्हणजे आतले तापमान बाहेरच्यापेक्षा ३०० भागिले ३३, सुमारे ९ अंशांनी जास्त राहील. पुण्यात हे चालून जाते. चंद्रपूरच्या मे महिन्यात खोली ४५ अंशांवर असेल तर आत ५४ अंश होतात, आणि कपाटाच्या माथ्याशी त्याहून जास्त. वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा अनुभवाचा नियम आहे. मग दार उघडे टाकून समोर टेबलफॅन लावलेला आपल्याकडे हमखास दिसतो. त्याने तापमान उतरते खरे, पण धूळ शिरते, आणि उबेला आलेली पाल दोन टर्मिनलांवर आडवी झोपते. त्यापेक्षा कपाट मोठे घेणे किंवा थंडावा देणारे यंत्र बसवणे बरे.

उष्णतेचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा खोल आहे, आणि तो समजण्यासाठी थोडी संभाव्यता लागेल. जिथे धोका मोठा असतो तिथे एकाऐवजी तीन संवेदक आणि तीन मॉड्यूल ठेवतात आणि दोघांचे मत पटेल ते खरे मानतात. ऐन वेळी एक मॉड्यूल निकामी असण्याची संभाव्यता शंभरात एक धरा. तिघांपैकी निदान दोन निकामी असण्याची संभाव्यता ३ × ०.०१ × ०.०१ × ०.९९ अधिक ०.०१ चा घन, म्हणजे सुमारे ०.०००३. शंभरात एक होते ते दहा हजारांत तीन झाले. बारावीच्या गणितात हे उदाहरण बसते. पण संभाव्यतांचा गुणाकार करायला एक अट असते, घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. तिन्ही मॉड्यूल एकाच तापलेल्या कपाटात, एकाच फॅनखाली, एकाच दिवशी खरेदी केलेली असतील, तर ती एकाच दुपारी मरू शकतात. मग गुणाकार कागदावरच राहतो. म्हणूनच धोकादायक प्रक्रियांमध्ये रोजचे नियंत्रण करणारी यंत्रणा आणि संकटात सर्व बंद करणारी यंत्रणा वेगळ्या ठेवतात. संवेदक वेगळे, मॉड्यूल वेगळी, बहुधा कपाटेही वेगळी.

वेगळेपणा पाळूनही काय निसटू शकते हे इंग्लंडमधील बन्सफील्डच्या तेलसाठ्यात दिसले. १० डिसेंबर २००५च्या संध्याकाळी तिथल्या ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरायला सुरुवात झाली. पहाटे तीनच्या सुमारास पातळी दाखवणारा मापक अडकला. पडद्यावरचा आकडा स्थिर राहिला आणि पेट्रोल मात्र येतच होते. मापक अडकला तर पुरवठा तोडण्यासाठी माथ्याशी दुसरा, पूर्ण स्वतंत्र स्विच होता. तो तपासण्यासाठी त्याला एक तरफ होती आणि ती योग्य जागी धरून ठेवण्यासाठी तिला कुलूप लावणे आवश्यक होते. हे कुलूप केवळ छेडछाड रोखण्यासाठी नाही, हे ते वापरणाऱ्यांना कोणी नीट सांगितलेले नव्हते. कुलूप लावले गेले नाही आणि स्विच निकामी झाला. तो निकामी आहे हे सांगणारे काहीच नव्हते. अडीच लाख लिटरांहून अधिक पेट्रोल टाकीवरून ओसंडले, त्याच्या वाफेचा ढग पसरला आणि ११ तारखेच्या सकाळी सहा वाजता स्फोट झाला. रविवारची पहाट असल्याने कोणी मरण पावले नाही, ४३ जण जखमी झाले. मापक त्याआधीच्या साडेतीन महिन्यांत १४ वेळा अडकला होता, असे चौकशीत निघाले.

अडकलेला मापक प्रवाह तोडत नाही. तो एक सभ्य, मर्यादेतला आकडा देत राहतो. जिवंत शून्य इथे काही करू शकत नाही. त्यासाठी कपाटातल्या संगणकाने दुसरा प्रश्न विचारायला हवा : टाकीत पेट्रोल येत आहे आणि पातळी मात्र हलत नाही, हे कसे? नव्या पद्धतींमध्ये अशा तपासण्या घालता येतात. पण संगणकावर विसंबण्यालाही दुसरी बाजू आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणकी विषाणूने इराणमधील नतांझ येथे अपकेंद्री यंत्रांचा वेग बिघडवला, आणि त्याच वेळी नियंत्रण कक्षाला आधी टिपून ठेवलेले नेहमीचे आकडे दाखवले. दोष लपू नये म्हणून बांधलेल्या रचनेलाच दोष लपवायला लावले.

लपलेला दोष शोधण्याचा शेवटचा मार्ग जुनाच आहे, मुद्दाम संकट आणून पाहणे. डेअरीत ते असे करतात. संवेदक नळीतून काढून गरम पाण्याच्या भांड्यात बुडवतात, शेजारी तपासलेला तापमापक ठेवतात आणि पाणी हळूहळू निवू देतात. झडप किती अंशांना मागे वळली ते नोंदवहीत लिहितात. मग संवेदकाची तार सोडवून, मग वीज काढून, मग हवा बंद करून पाहतात. प्रत्येक वेळी झडपेने वळलेच पाहिजे. सहलीला मुलांना डेअरीत नेलेत, तर लोणी आणि श्रीखंड दाखवून झाल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांना ती नोंदवही दाखवायची विनंती करा, आणि शेवटच्या नोंदीची तारीख मुलांना वाचू द्या.